‘माझे’ आणि ‘आमचे’ : ग्रीक तत्त्वज्ञांचा कुटुंबविचार

अथेन्सचे बंदर जे पिरिअस, तेथे पोलेमार्कस नावाच्या एका सधन गृहस्थाचे घर होते. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या संवादाचे स्थळ म्हणून याच घराची योजना केली आहे. बेंडिस या परदेशी देवतेचा उत्सव पाहून सॉक्रेटिस नगराकडे परतत असता पोलेमार्कस त्याला आग्रहाने घरी घेऊन येतो. घरात त्याचा वृद्ध पिता केफलस नुकताच देवाला बळी अर्पण करून, मस्तकावरची माळ तशीच ठेवून, आसनावर विसावलेला असतो. म्हातारपण, संपत्ती आणि न्याय यांविषयी गोष्टी निघतात. वाद रंगू लागतो तसा म्हातारा उठतो, वादाचे सूत्र मंडळींच्या हवाली करतो आणि आपल्या देवकार्याला निघून जातो. तुमच्या मालमत्तेचा वारस तो तुमच्या वादाचाही वारस, असा विनोद त्यावर मुलगा करतो, आणि बाप हसत हसत दाराबाहेर पडतो.

ज्या घरात वादसुद्धा बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने जातो, त्याच घरात त्याच बैठकीत पुढे घर नावाची संस्थाच मोडून टाकण्याचा प्रस्ताव मांडला जातो, हा योगायोग नव्हे. प्लेटोसारख्या कलावंताच्या हातून असे योगायोग सहसा घडत नाहीत.

तो प्रस्ताव निघतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. आदर्श नगराच्या रक्षकवर्गाविषयी बोलताना सॉक्रेटिस ओघात सांगून जातो, की मित्रांमध्ये सर्व काही सामाईक असते या जुन्या म्हणीप्रमाणे या वर्गात स्त्रिया आणि मुलेही सामाईक असावीत. एवढे बोलून तो दुसऱ्या विषयाकडे वळतो. पाचव्या भागाच्या आरंभी मात्र पोलेमार्कस हळूच हात लांब करून शेजारच्या अडेमँटसचे वस्त्र खांद्यापाशी ओढतो आणि त्याच्या कानात कुजबुजतो. सॉक्रेटिसला असा निसटू द्यायचा नाही, असे दोघांचे ठरते. ग्लॉकनही त्यांना मिळतो. हा अडेमँटस आणि हा ग्लॉकन कोण? ते प्लेटोचे सख्खे भाऊ. भाऊ हे नातेच ज्या योजनेत उरणार नाही, किंवा सर्वांनाच लागू झाल्यामुळे निराळे असे उरणार नाही, ती योजना प्लेटोने आपल्या भावांनाच विचारावयास लावली आहे.

आता ज्या घरावर हा घाव पडावयाचा होता, ते अथेन्समधील घर कसे होते? ग्रीक भाषेत त्याला ‘ओइकोस’ म्हणत. आपल्या एकत्र कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून त्याचा विचार करू गेल्यास थोडी दिशाभूल होईल. ओइकोस म्हणजे नवरा, बायको, मुले, गुलाम, शेत, गुरे, अवजारे आणि चूल या सर्वांचा मिळून झालेला एक संसार. त्याचा धनी एक पुरुष. नवजात मूल ठेवावयाचे की उघड्यावर टाकून द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा. ठेवावयाचे ठरले, तर जन्मानंतर काही दिवसांनी मुलाला चुलीभोवती फिरवून घरात घेण्याचा विधी होई. मुलीचे लग्न चौदा-पंधराव्या वर्षी सुमारे तीस वर्षांच्या पुरुषाशी लावीत. झेनोफनच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात इस्कोमॅकस नावाचा गृहस्थ आपल्या पत्नीविषयी सांगतो, की ती घरात आली तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती, आणि शक्य तितके कमी पाहावे, कमी ऐकावे, कमी विचारावे अशाच दक्षतेत तिला वाढविलेले होते. आणि एखादा गृहस्थ पुत्राविना वारला, तर त्याची कन्या मालमत्तेबरोबर जवळच्या पितृकुलातील पुरुषाकडे, पुष्कळदा सख्ख्या चुलत्याकडेच, पत्नी म्हणून जाई. घराण्याची जमीन घराण्याबाहेर जाऊ नये, एवढाच त्यातला हेतू. अशा जमिनींवरून भांडणे किती माजत याची साक्ष हवी असेल, तर इसिअस या वकिली भाषणे लिहून देणाऱ्या लेखकाकडे पाहावे. त्याची जी भाषणे आज उरली आहेत, ती जवळजवळ सर्व वारसाहक्काच्या खटल्यांची आहेत.

याहून निराळे जीवन कल्पिणारा प्लेटो हा पहिलाच ग्रीक होता, असे मात्र नव्हे. हिरोडोटसने आपल्या इतिहासात अगाथिर्सी नावाच्या लोकांचा उल्लेख केला आहे. स्त्रिया सामाईक ठेवल्या म्हणजे आपण सर्वच एकमेकांचे भाऊ होऊ आणि द्वेष-मत्सराला जागा राहणार नाही, अशी त्यांची समजूत असल्याचे तो लिहितो. दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे जमलेल्या पायथागोरसच्या शिष्यांनी आपली मालमत्ता एकत्र केल्याची परंपरा प्रसिद्ध होती. आणि इ. स. पूर्व ३९१ च्या सुमारास ॲरिस्टोफेनीसने रंगभूमीवर एक प्रहसन आणले. त्यात अथेन्सच्या स्त्रिया नवऱ्यांचे कपडे घालून, खोट्या दाढ्या लावून, पहाटेच लोकसभेत जाऊन बसतात आणि राज्यकारभार आपल्या हाती घेण्याचा ठराव संमत करतात. त्यांची पुढारी प्राक्सागोरा जमीन, पैसा, अन्न आणि अखेर स्त्री-पुरुषही सर्वांना सामाईक असल्याचे जाहीर करते. ‘रिपब्लिक’ लिहिले गेले त्यानंतर पंधराएक वर्षांनी. म्हणजे ज्या कल्पनेवर सारे अथेन्स पोट धरधरून हसले होते, तीच प्लेटोने गंभीर मुद्रेने पुन्हा पुढे मांडली. लोक हसतील हे तो जाणून होता. संवादात त्याने ते बोलूनही दाखविले आहे.

स्पार्टाचे उदाहरण तर प्रत्यक्षातले. तेथे सात वर्षांचा मुलगा आईच्या कुशीतून काढून राज्याच्या शिक्षणात घालीत. तरुण नवरे तीस वर्षांचे होईपर्यंत शिबिरात राहत आणि बायकोला चोरून भेटत. प्रौढ पुरुषांनी रोज सायंकाळी सामाईक पंगतीत जेवावे असा नियम होता, आणि त्यासाठी प्रत्येकाने जवाचे पीठ, मद्य, चीज, अंजिरे असा ठरलेला शिधा आपल्या शेतातून द्यावा लागे. ते शेत कसणारे मात्र हेलॉट नावाचे दास होते. स्पार्टन पुरुषांची पंगत एका पात्रातून जेवे खरी, पण ते पात्र भरणाऱ्यांना त्या पंगतीत जागा नव्हती.

प्लेटोची योजना याच्याही पुढे जाते. एक गोष्ट प्रथम स्पष्ट करावयास हवी. ही योजना साऱ्या नगरासाठी नाही. राज्य करणारे आणि लढणारे जे रक्षक, त्यांच्यापुरतीच ती आहे. या रक्षकांना स्वतःचे घर नाही, शेत नाही, सोने-रुपे नाही. सामाईक निवास आणि सामाईक भोजन. पण रक्षक कोण व्हावे? येथे प्लेटो त्या काळाला अगदी अपरिचित असा विचार मांडतो. कळप राखणाऱ्या कुत्र्यांत नर आणि मादी दोघेही राखण करतात. मग मनुष्याच्या बाबतीत स्त्रीला घरात का कोंडावे? पुरुष बीज घालतो आणि स्त्री प्रसवते, एवढ्या भेदावरून त्यांची कामे निराळी ठरत असतील, तर टक्कल पडलेल्याने जोडे शिवले म्हणून केसाळ मनुष्याला चांभारकाम करण्यास मनाई करावी लागेल! तेव्हा योग्य स्त्रियांनी पुरुषांबरोबर व्यायाम, संगीत, युद्ध आणि राज्यकारभार सर्व काही शिकावे.

आणि घर नसल्यावर विवाहही घरगुती राहत नाही. ठरावीक उत्सवात चिठ्ठ्या टाकून जोड्या जुळवाव्यात, पण उत्तम पुरुषांना उत्तम स्त्रिया मिळतील अशी त्या चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी गुपचूप व्यवस्था करावी. स्त्रियांनी वीस ते चाळीस वर्षांच्या वयात, आणि पुरुषांनी भराची वर्षे ओसरल्यापासून पंचावन्नपर्यंत राज्यासाठी अपत्ये द्यावीत. जन्मलेले मूल दायांच्या स्वाधीन व्हावे. आयांनी तेथे येऊन दूध पाजावे, परंतु आपले मूल कोणते हे कोणत्याही आईला ओळखता येऊ नये याची सर्व खबरदारी घेतली जावी. आपल्या उत्सवानंतर सातव्या ते दहाव्या महिन्यात जन्मलेली सर्वच मुले आपली. व्यंग असलेल्या मुलांचे काय करावे, हे प्लेटो ज्या मोघम शब्दांत सांगतो, ते वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा उभा राहिल्यावाचून राहत नाही.

हे सर्व कशासाठी? प्लेटोचे उत्तर एका शब्दाभोवती फिरते, आणि तो शब्द म्हणजे ‘माझे’. एकाच गोष्टीला कोणी माझी म्हणतो आणि कोणी परकी म्हणतो, तेथेच नगर फुटते. बोटाला इजा झाली तर साऱ्या देहाला वेदना होते. तसे नगर असावे. सर्वांनी एकाच गोष्टीला एकाच वेळी ‘माझे’ म्हटले की खटले संपतील, कारण देहाखेरीज कोणाचे खाजगी असे काही उरणार नाही. आणि तरुण वडीलधाऱ्यांवर हात टाकणार नाहीत, कारण समोरचा म्हातारा आपला बाप नसेलच असे कोण सांगू शकेल?

या विचारामागचा अनुभव ध्यानात घेतला पाहिजे. प्लेटो इ. स. पूर्व ४२७ च्या सुमारास अथेन्समधील एका थोर कुळात जन्मला. त्याच्या लहानपणापासून चालू असलेले स्पार्टाशी युद्ध ४०४ मध्ये अथेन्सच्या पराभवाने संपले आणि स्पार्टाच्या पाठबळाने तीस जणांची जुलमी राजवट आली. तिचा म्होरक्या क्रिटिअस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. त्या राजवटीने पिरिअसवर नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी कार्मिडीस हा तर प्लेटोचा सख्खा मामा. प्लेटोच्या नावावर असलेल्या सातव्या पत्रात या आप्तांनी त्याला राज्यकारभारात सामील होण्यास बोलाविल्याचे सांगितले आहे. आपल्याच नात्यागोत्याची माणसे आपल्याच नगराच्या उरावर बसलेली त्याने तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पाहिली. थोर घराण्यांचा आपपरभाव राज्य कसे गिळतो, हे त्याला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

प्लेटोच्या अकॅडमीत इ. स. पूर्व ३६७ मध्ये सतरा वर्षांचा एक तरुण आला आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिला. तो ॲरिस्टॉटल. गुरूच्या या योजनेचे खंडन त्याने ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात केले आहे, आणि ते आजही वाचनीय आहे, कारण ते संतापाने केलेले नाही, घर पाहिलेल्या मनुष्याच्या शांतपणाने केलेले आहे.

त्याचा पहिला आक्षेप असा, की नगर हे मुळातच भिन्न भिन्न माणसांचे बनलेले असते. त्याला अधिकाधिक एक करू गेल्यास नगराचे घर होईल, घराचा एक मनुष्य होईल, आणि नगर मात्र नाहीसे होईल. दुसरा आक्षेप ‘सर्व’ या शब्दावर. सर्वजण मिळून ‘आमचे’ म्हणणे निराळे, आणि प्रत्येकाने मनापासून ‘माझे’ म्हणणे निराळे. प्लेटोने पहिले मिळवून दुसरे मिळाल्याचा भास निर्माण केला आहे. जे पुष्कळांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. घरात नोकर फार झाले म्हणजे प्रत्येकाला वाटते, की काम दुसरा करील. एकेका नागरिकाला हजार मुलगे झाले आणि ते हजारही जर प्रत्येकाचे सारखेच असतील, तर हजारांचीही सारखीच हेळसांड होईल. अशा रीतीने कोणाचा तरी मुलगा असण्यापेक्षा एखाद्याचा खरोखरीचा चुलतभाऊ असणे अधिक बरे!

शिवाय रक्त लपत नाही, असेही तो म्हणतो. उत्तर आफ्रिकेत काही लोकांत स्त्रिया सामाईक असूनही चेहऱ्याच्या साम्यावरून मुले वाटून घेतात, असे प्रवासी सांगत. आणि फार्सालस येथील एका घोडीची शिंगरे हुबेहूब बापावर जात, म्हणून लोकांनी तिचे नाव ‘न्यायी’ असे ठेवले होते. परंतु त्याचे खरे मर्मवचन आहे ते पाण्याच्या दृष्टान्तात. थोडासा गोड रस पुष्कळ पाण्यात ओतावा आणि त्याची चव कोठेच लागू नये, तशी पिता, पुत्र, बंधू ही नाती साऱ्या नगरावर पसरली असता त्यांतील माया विरून जाते. मनुष्य काळजी घेतो ती दोन कारणांनी : वस्तू आपली असते म्हणून, आणि ती आपल्याला एकुलती एक, जिवाची असते म्हणून. प्लेटोच्या नगरात या दोन्ही कारणांना ठाव नाही. तेव्हा मालकी खाजगी असावी, पण उपभोग मित्रभावाने सामाईक असावा. आणि माणसाच्या अंगी ही वृत्ती बाणविणे हे कायदेकर्त्याचे काम. याचे उदाहरण म्हणून तो स्पार्टाचेच नाव घेतो : तेथील लोक एकमेकांचे घोडे आणि कुत्रे आपलेच असल्यासारखे वापरतात, आणि प्रवासात गरज पडली तर दुसऱ्याच्या शेतातून शिधा घेतात. त्याच स्पार्टाचे दोषही तो झाकीत नाही. हुंडे आणि वारसा यांच्या योगाने जवळजवळ दोन पंचमांश जमीन तेथे स्त्रियांच्या हाती गेली होती. ज्यांना पंगतीचा शिधा देणे परवडेना त्यांचे नागरिकत्वच संपे. आणि जी भूमी ३०,००० पायदळ पोसू शकली असती, तेथे लढणारे हजारही उरले नाहीत. इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या रणात स्पार्टाचा एकच पराभव झाला आणि त्यातून ते सावरले नाही.

येथपर्यंत वाचून ॲरिस्टॉटलच्या बाजूने निकाल देण्याचा मोह वाचकाला होईल. पण थोडे थांबावे. घराच्या या कैवाऱ्याने ज्या घराचे रक्षण केले, त्याच्या उंबऱ्याआड कोण होते? त्याच्या मते गुलाम म्हणजे सजीव अवजार. आणि स्त्रीच्या ठिकाणी विचारशक्ती असली तरी तिला अधिकार नाही. याच्या उलट, ज्याने घर मोडावयास काढले त्या प्लेटोने स्त्रीसाठी शाळेचे, सभेचे आणि रणांगणाचे दार उघडले. ज्याने माया राखली त्याने कोंडवाडाही राखला. ज्याने कोंडवाडा फोडला त्याने मायाही उधळून टाकली. ग्रीक विचारातील ही खरी कोंडी होय, आणि ती या दोघांपैकी एकालाही सुटली नाही.

दोघांच्याही मृत्युपत्रांचा मजकूर डायोजिनीस लाएर्टिअस या चरित्रकाराने जपून ठेवला आहे. प्लेटोने लग्न केले नाही; पण रक्षकांना वीतभर खाजगी जमीन न देणाऱ्या या तत्त्वज्ञाने आपले शेत अडेमँटस नावाच्या एका मुलाला, म्हणजे आपल्या भावाचेच नाव धारण करणाऱ्या मुलाला, लिहून दिले, आणि ते विकता येऊ नये अशी अटही घातली. ॲरिस्टॉटल इ. स. पूर्व ३२२ मध्ये वारला. आपली आधीच निवर्तलेली पत्नी पिथिअस हिच्या अस्थी, तिनेच सांगून ठेवल्याप्रमाणे, आपल्याजवळ ठेवाव्यात, असे त्याने लिहिले. आपल्याशी चांगुलपणाने वागलेल्या हर्पिलिसच्या निवाऱ्याची व्यवस्था केली. आणि आपली सेवा केलेल्या मुलांपैकी कोणालाही विकू नये, वयात आल्यावर योग्यतेनुसार मुक्त करावे, असे बजावले. ग्रंथात जो गुलाम अवजार होता, तो मृत्यूच्या दारात मनुष्य झाला.

उतारवयात प्लेटोही पुष्कळ खाली उतरला. ‘लॉज’ या शेवटच्या ग्रंथात सर्व काही सामाईक असलेले नगर त्याने देवांसाठी आणि देवपुत्रांसाठी ठेवून दिले. माणसांसाठी त्याने ५,०४० घरे कल्पिली, प्रत्येकाला अविभाज्य जमीन दिली, आणि पस्तिशी उलटूनही अविवाहित राहणाऱ्याला दरसाल दंड लावला. सामाईक पंगत मात्र त्याने सोडली नाही, आणि स्त्रियांनाही तिच्यात बसविण्याचा आग्रह धरला.

पुढच्या पिढीत हा प्रश्न राज्याच्या हातून निघून मित्रांच्या हाती आला. स्टोइक पंथाचा प्रवर्तक झेनो याने प्लेटोचीच कल्पना ज्ञानी जनांपुरती उचलली होती. तो ग्रंथ आज लुप्त आहे. त्याच पंथातील हिरोक्लीस याने इ. स. दुसऱ्या शतकात निराळी वाट सुचविली. माणूस अनेक वर्तुळांच्या मध्यभागी उभा आहे : आधी देह, मग आईबाप-भावंडे, मग चुलते-मामा, मग नगर, आणि शेवटी सर्व मानवजात. बाहेरचे प्रत्येक वर्तुळ थोडे आत ओढीत राहावे. चुलतभावाला भाऊ म्हणावे, चुलत्याला बाप म्हणावे. मराठी घरात ज्याला हे शिकवावे लागत नाही, त्याला यात फारसे नवल वाटणार नाही. पण हिरोक्लीसला हे कष्टाने साधावयाचे व्रत वाटत होते, हे विसरू नये. त्याआधीच एपिक्युरसने इ. स. पूर्व ३०६ च्या सुमारास अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि मित्रांसह तेथे राहू लागला. त्या बागेत स्त्रिया होत्या, गुलाम होते. परंतु पायथागोरसच्या शिष्यांप्रमाणे मालमत्ता एकत्र करावी, हे मात्र त्याने नाकारले. सक्तीने एकत्र ठेवणे म्हणजे एकमेकांवर विश्वास नसल्याची कबुली, आणि जेथे विश्वास नाही तेथे मैत्री कसली, असे त्याचे म्हणणे होते.

आता आरंभी ज्या घरात आपण शिरलो, त्या घराचे काय झाले ते सांगितले पाहिजे. केफलस हा सिरॅक्यूजहून पेरिक्लीसच्या सांगण्यावरून आलेला परदेशी रहिवासी. त्याच्या मुलांचा ढाली बनविण्याचा कारखाना होता. इ. स. पूर्व ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांना पैशाची गरज पडली आणि त्यांची दृष्टी अशा धनिक परदेशीयांकडे वळली. ७०० ढाली, १२० गुलाम, सोने, वस्त्रे, सारे त्यांनी नेले. पोलेमार्कसच्या पत्नीच्या कानांतील सोन्याची कर्णभूषणे त्यांच्यापैकी एकाने घरात शिरताच ओढून काढली. पोलेमार्कसला रस्त्यात धरले आणि चौकशीवाचून विषाचा पेला दिला. त्याचा भाऊ लिसिअस मागच्या दाराने निसटला. त्याने पुढे न्यायसभेत स्वतः उभे राहून जे भाषण केले, त्यातूनच हे सर्व आपल्याला कळते.

त्या भाषणात एक लहानशी हकीकत आहे. कुटुंबाची तीन घरे होती. पण एकाही घरातून पोलेमार्कसची अंत्ययात्रा काढू दिली गेली नाही. नातेवाइकांनी एक झोपडी भाड्याने घेऊन तेथे प्रेत ठेवले. लुटलेल्या कपड्यांच्या राशींतून एक वस्त्रही मागून मिळाले नाही. तेव्हा मित्रांपैकी एकाने आपला झगा दिला, एकाने उशी दिली, ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणले.

प्लेटोने ‘रिपब्लिक’ लिहिले तेव्हा पोलेमार्कसचा हा अंत होऊन पाव शतक उलटले होते. वाचणाऱ्या प्रत्येक अथेन्सकराला तो ठाऊक होता. मित्रांचे सर्व काही सामाईक असते, ही म्हण त्या घरात दोनदा खरी करण्याचा प्रयत्न झाला. एकदा वादात, जेथे सर्वांची घरे काढून घेऊन सर्वांना एक करावयाचे होते. आणि एकदा त्या भाड्याच्या झोपडीत, जेथे प्रत्येकाने आपल्या घरातून एकेक वस्तू आणून मृताच्या अंगाखाली घातली. देणाऱ्याजवळ ती उशी आपली होती, म्हणूनच त्याला ती देता आली.